विंडोज ११ च्या शेजारी जुनी १० ठेवली, त्याचे आठ महिने

आमच्या चाळीत घराची दुसरी किल्ली समोरच्या काकूंकडे असते. वर्षातून एखाद्या वेळीच लागते, पण लागते तेव्हा दुसरं काहीच चालत नाही. गेल्या जूनमध्ये कॉम्प्युटरवर विंडोज ११ टाकताना जुनी १० पुसायची नाही असं ठरवलं, त्यामागे एवढाच विचार होता. हौस नव्हती.

मी गिरगावात घरूनच डीटीपी करते. लग्नपत्रिका, संस्थांचे अहवाल आणि जुलै लागला की दिवाळी अंक. मशीन साधंच आहे: आठव्या पिढीचा आय५, १६ जीबी रॅम आणि लॅमिंग्टन रोडवरून घेतलेली ४८० जीबीची एसएसडी. विंडोज ११ ला इंटेलचा निदान आठव्या पिढीचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० (मशीनमधली सुरक्षेची सोय) लागतं, म्हणजे मी काठावर पास. विंडोज १० चा सपोर्ट, म्हणजे मायक्रोसॉफ्टकडून येणारी नेहमीची अपडेट्स, १४ ऑक्टोबर २०२५ ला, ऐन दिवाळीच्या तोंडावर संपणार होता. अंक छापखान्यात असताना सिस्टीम बदलण्याइतकी हिंमत माझ्यात नाही, म्हणून जूनमध्येच उरकलं.

सुरुवातीला दोन्ही एकाच डिस्कवर ठेवल्या. सी ड्राइव्ह आकसून मोकळ्या जागेत ११ टाकायची, एवढंच काम. पण दीडशे जीबी रिकामी दिसत असूनही डिस्क मॅनेजमेंट (विंडोजमधलं डिस्कचे विभाग करणारं साधन) चाळीसच्या वर जागा सोडेना. हायबरनेशनची (मशीन झोपवताना चालू काम साठवणारी) फाइल आणि पेजफाइल (रॅम कमी पडली की वापरायची) मधेच ठाण मांडून बसलेल्या असतात आणि चालू विंडोज त्यांना हलवत नाही. दोन्ही तात्पुरत्या बंद करून रीस्टार्ट केलं तेव्हा जागा सुटली. जुनी आधीपासून होती, नवी नंतर आली, हे बरंच झालं. नव्या सिस्टीमचा बूट मॅनेजर (मशीन सुरू होताना कोणती सिस्टीम उठवायची ते ठरवणारा) जुनीला मेनूत घेतो. उलट्या क्रमाने गेलात तर बूटची दुरुस्ती करत बसावं लागण्याची शक्यता मोठी.

मेनूचा एक वैताग मात्र सांगायलाच हवा. मशीन चालू केलं की निळ्या पडद्यावर दोन्ही नावं येतात. त्यात १० निवडली की मशीन पुन्हा पहिल्यापासून रीस्टार्ट होतं, कारण तो मेनू दाखवेपर्यंत ११ अर्धी उठलेली असते. जुन्या पद्धतीचा काळा, अक्षरांचा मेनू लावून घेतला की हे थांबतं.

खरा फटका बसला फास्ट स्टार्टअपचा. शट डाऊन केलं म्हणजे मशीन बंद झालं असं आपण समजतो. प्रत्यक्षात विंडोज आपला गाभा डिस्कवर झोपवून ठेवते आणि सकाळी तोच उठवते. डिस्कवर कुठे काय आहे याचा आदल्या रात्रीचा हिशेबही त्यात तसाच असतो. एके सकाळी मी १० मधून समाईक ड्राइव्हवरची एक पत्रिका दुरुस्त केली. दुपारी ११ मध्ये आले तर चेकडिस्क (डिस्कवरच्या चुका तपासणारं साधन) सुरू झालेलं आणि पत्रिकेत मुलाकडच्यांचं आडनाव पुन्हा चुकलेलं. प्रूफ गेलं नव्हतं म्हणून वाचले. त्या दिवशीच दोन्हीकडे फास्ट स्टार्टअप आणि हायबरनेशन बंद केलं. रीस्टार्टमध्ये हा घोळ नसतो, शट डाऊनमध्येच असतो, हे कळायला मला पंधरा दिवस लागले.

मग आला ऑगस्ट. बाहेर धो धो पाऊस, एका अंकाची जाहिरातींची पानं दुसऱ्या दिवशी सकाळी द्यायची होती आणि ११ ने अपडेट घ्यायला सुरुवात केली. मधेच वीज गेली. यूपीएसची बॅटरी तीन वर्षांची म्हातारी, दोनदा टीं टीं करून गप्प झाली. हा दोष सर्वस्वी माझा. वीज आल्यावर ११ ‘ऑटोमॅटिक रिपेअर’च्या फेऱ्यात अडकली, आणि पानं कुठे? ११ च्या डेस्कटॉपवर. डेस्कटॉपवर काम ठेवू नये हे मी इतरांना दहा वर्षं सांगत आले आहे.

१० सुरू केली. तिथून ११ चा विभाग दुसऱ्याच अक्षराच्या ड्राइव्हसारखा दिसतो, कारण प्रत्येक विंडोज स्वतःलाच सी म्हणवते. यूझर्सच्या फोल्डरवर ‘परवानगी नाही’ असं आलं, कंटिन्यू दाबलं, दोन-तीन मिनिटं थांबले आणि पानं हातात आली. पेजमेकर आणि फॉन्ट १० वर होतेच. साडेअकराला पीडीएफ मेल केल्या. समोरच्या काकूंकडची किल्ली ती हीच.

एक शहाणपण त्या रात्री नशिबाने सुचलं. १० मधून ११ ची दुरुस्ती केली नाही. जुन्या विंडोजमधलं डिझम हे दुरुस्तीचं साधन नव्या विंडोजच्या फाइल्सवर चालवू नये; साधन त्याच आवृत्तीचं किंवा तिच्याहून नवं हवं. म्हणून १० वर बसून ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर ११ चं इन्स्टॉलेशन तयार केलं, त्यातून मशीन सुरू करून रिकव्हरीत गेले आणि अर्धवट राहिलेलं अपडेट मागे घेतलं. जुनीचं काम फाइल्स वाचवणं, हातातलं काम पुढे रेटणं आणि पेनड्राइव्ह बनवून देणं, एवढंच. जुलै २०२४ मध्ये एका सुरक्षा सॉफ्टवेअरच्या सदोष अपडेटने जगभरातली ८५ लाख विंडोज यंत्रं निळी पडली, आपल्याकडे विमानतळांवर हाताने बोर्डिंग पास लिहिले गेले, तेव्हाही उपाय एका फाइलला उडवण्याइतकाच होता. अडचण ही की जे यंत्र उठतच नाही त्यातली फाइल उडवायची कशी?

दिवाळीनंतर मात्र मांडणी बदलली. दोन्ही सिस्टीम एकाच डिस्कवर म्हणजे किल्ली शेजाऱ्याकडे न देता स्वतःच्याच कपाटात ठेवण्यासारखं. डिस्क गेली की दोन्ही गेल्या. नोव्हेंबरमध्ये घरात पडून असलेल्या २४० जीबीच्या एसएसडीवर १० नव्याने टाकली, आणि टाकताना मुख्य डिस्कची केबल काढून ठेवली. त्यामुळे १० चा बूटचा विभाग तिच्याच डिस्कवर तयार झाला. आता मेनूच नको. एरवी ११ आपोआप सुरू होते, १० हवी तर सुरुवातीला एफ११ दाबायचं (ही की मदरबोर्डाप्रमाणे बदलते). १० मध्ये गेल्यावर ११ ची डिस्क डिस्क मॅनेजमेंटमधून ऑफलाइन करून ठेवली आहे, म्हणजे चुकूनही तिथे काही लिहिलं जात नाही. ज्यांच्या डेस्कटॉपमध्ये दुसऱ्या डिस्कला जागा आहे, त्यांनी थेट इथूनच सुरुवात करावी. माझे पहिले पाच महिने वाया घालवू नका.

लॅपटॉपवाल्यांसाठी वेगळी गोष्ट. भाच्याने माझं पाहून त्याच्या लॅपटॉपवर हाच प्रयोग केला आणि रात्री फोन, “मावशी, ४८ आकडी की मागतंय.” विंडोज ११ ची २४एच२ आवृत्ती नव्याने टाकून मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन केलं की बहुतेक मशिन्सवर डिस्क आपोआप कुलूपबंद होते. मग शेजारच्या जुन्या सिस्टीमला तो ड्राइव्ह दिसतो, पण उघडत नाही. कुलूप उघडायची ती ४८ आकडी की त्याच्या खात्यात जमा होती म्हणून निभावलं. मी माझी की कागदावर लिहून कपाटाच्या दाराला आतून चिकटवली आहे. शिवाय लॅपटॉपवर २५६ जीबीच जागा असेल तर या भानगडीत पडूच नये. १० ला निदान ३२ आणि ११ ला ६४ जीबी लागतात, म्हणजे कामाला उरणार काय? त्यापेक्षा एक पेनड्राइव्ह आणि बाहेरच्या डिस्कवर बॅकअप पुरे.

माझ्याकडे १० ठेवण्याचं आणखी एक कारण नंतर सापडलं. फॉन्टच्या जुन्या सॉफ्टवेअरच्या डोंगलचा (सॉफ्टवेअर चालण्यासाठी मशीनला लावायच्या छोट्या उपकरणाचा) ड्रायव्हर ११ वर चालत नाही. तिथली मेमरी इंटिग्रिटी (धोकादायक ड्रायव्हर अडवणारी सुरक्षा) त्याला आत घेत नाही. ती बंद करता येते, पण एका डोंगलसाठी मी दाराची कडी काढणार नाही. जुन्या अंकांच्या फाइल्स १० वरच उघडते. तुमच्याकडे याहून जुनं, १६ बिटचं काही असेल तर तो मार्ग ६४ बिटच्या १० वरही बंद आहे, आणि ११ तर ३२ बिटमध्ये निघालेलीच नाही.

सपोर्ट संपलेल्या सिस्टीमची भीती वाटते का? वाटते. १० च्या २२एच२ या शेवटच्या आवृत्तीला घरगुती वापरासाठी १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत वाढीव सुरक्षा अपडेट्स मिळतात. सेटिंग्जचा बॅकअप खात्यावर चालू ठेवला की त्यासाठी मला पैसे पडले नाहीत. शिवाय २०११ ची सिक्युअर बूटची (मशीन सुरू होताना फक्त खात्रीचंच सॉफ्टवेअर उठू देणाऱ्या तपासणीची) प्रमाणपत्रं जून २०२६ पासून संपायला लागणार आहेत, म्हणून जुनीला अपडेटविना कोपऱ्यात टाकून चालणार नाही. महिन्यातून एका शनिवारी मी १० उघडते, अपडेट लावते आणि एक पान छापून पाहते. अर्धा तास जातो. मेल किंवा बँकेचं काम तिथे अजिबात नाही. परवान्याचंही लक्षात ठेवा, दोन सिस्टीमना दोन परवाने लागतात. माझ्याकडे जुन्या मशीनची रिटेल (वेगळी विकत घेतलेली) परवान्याची की पडून होती.

ऑगस्टनंतर ११ ने अजून एकदाही दगा दिलेला नाही. यूपीएसला नवी बॅटरी बसवली. ऑक्टोबर २०२६ आला की १० ची नेटची वायर काढणार, फाइल्सची ने-आण पेनड्राइव्हवरून करणार. डिस्क मात्र जागेवरच राहील, निदान यंदाचे अंक छापून येईपर्यंत.