परिचर्येतील ज्ञानाच्या चार वाटा : एका ऑनलाइन अभ्यासक्रमाविषयी

शासकीय रुग्णालयाच्या पुरुष शस्त्रक्रिया कक्षात अकरा वर्षे काम केल्यावर, परिचर्येच्या (नर्सिंगच्या) सिद्धान्तांकडे पुन्हा एकदा नीट पाहावे या इच्छेने मी एका खासगी संस्थेचा बारा आठवड्यांचा ऑनलाइन अभ्यासक्रम नुकताच पूर्ण केला. शुल्क साडेचार हजार रुपये होते. आठवड्याला दोन ध्वनिचित्रित व्याख्याने, एक थेट तास आणि दर तीन आठवड्यांनी एक लेखी स्वाध्याय अशी त्याची रचना होती.

पहिले तीन आठवडे मला निराश करून गेले. नाइटिंगेलचे पर्यावरण, हेंडरसनच्या चौदा मूलभूत गरजा, ओरेमची स्वयंशुश्रूषा, रॉयचे अनुकूलन ही सिद्धान्त मांडणाऱ्यांची सारी नावे एकामागून एक येतात आणि विद्यार्थी ती परीक्षेपुरती पाठ करतो; बी.एस्सी.च्या वर्गातही आम्ही हेच केले होते. नाइटिंगेलने मोकळी हवा, उजेड, स्वच्छता आणि शांतता यांवर भर का दिला, हे क्रिमियन युद्धाच्या काळातला, तुर्कस्तानातील स्कुटारीच्या लष्करी रुग्णालयातील 1854 नंतरचा अनुभव सांगितल्याशिवाय कळत नाही. पुढे तिने हिंदुस्थानातील सैन्याच्या आरोग्याच्या प्रश्नावर वर्षानुवर्षे काम केले, याचा तर उल्लेखही झाला नाही. आमच्या कक्षातील बंद खिडक्या आणि दोन खाटांमधील तोकडे अंतर रोज पाहणाऱ्यांना हा विषय किती जवळचा वाटला असता!

चौथ्या आठवड्यात मात्र परिचर्येच्या अभ्यासक बार्बरा कार्पर यांचे विचार शिकवायला घेतले आणि अभ्यासक्रमाला प्राण आला. कार्पर यांनी 1978 मध्ये प्रसिद्ध केलेल्या लेखात परिचर्येतील ज्ञानाचे चार प्रकार मांडले: निरीक्षण-प्रयोगांवर आधारलेले शास्त्रीय ज्ञान, परिचर्येची कला, वैयक्तिक ज्ञान आणि नैतिक ज्ञान. हे चार प्रकार एकमेकांपासून वेगळे काढता येतात, पण कोणताही एक पुरेसा नाही, हा त्यांचा मुख्य मुद्दा शिक्षिकेने प्रत्यक्ष प्रसंगांतून उलगडला. दुसऱ्या प्रकाराचे भाषांतर नोट्समध्ये ‘सौंदर्यात्मक ज्ञान’ असे केले आहे, ते मला पटले नाही. त्यातून सजावटीचा भास होतो. समोरच्या या एका रुग्णाला या घडीला काय हवे आहे हे ओळखून त्यानुसार कृती करणे, असा त्याचा आशय आहे, आणि ‘कला’ हा साधा शब्द त्याला अधिक न्याय देतो.

याच भागावरच्या स्वाध्यायात मी रात्रपाळीतला एक प्रसंग लिहिला होता. शस्त्रक्रिया झालेले एक वृद्ध आजोबा अस्वस्थ होते, चादर ओढत होते, काही बोलत नव्हते. रक्तदाब, नाडी, तापमान सारे ठीक होते. मला काहीतरी बिनसल्याचे जाणवले, पोटावर हात ठेवला तर ओटीपोट ताठ लागले, आणि पाहते तर लघवीची नळी तुंबलेली. मी हे सारे अंतर्ज्ञान म्हणून कलेच्या खात्यात टाकले होते. शिक्षिकेने अर्धे पान भरून उत्तर दिले: वृद्धांमध्ये लघवी अडल्यास ती अस्वस्थता आणि भ्रम या रूपांत दिसू शकते हे तुम्हाला शास्त्राने शिकवले होते, म्हणूनच तुमचा हात नेमका तिथे गेला, कला एवढीच की, आकडे ठीक असूनही तुम्ही त्या माणसाकडे पाहणे थांबवले नाही. इतकी काळजीपूर्वक तपासणी मला कोणत्याही वर्गात मिळाली नव्हती. साडेचार हजारांचा मोबदला मला त्या अर्ध्या पानातच मिळाला, असे मी मनापासून लिहिते.

नैतिक ज्ञानावरचा तासही उत्तम होता. कर्करोगाचे निदान आईला सांगू नका अशी मुले हात जोडून विनंती करतात आणि आई मात्र ‘सिस्टर, मला काय झालंय?’ असे विचारते, तेव्हा आचारसंहिता पाठ असून भागत नाही, कारण दोन्ही बाजूंना काही ना काही खरे असते. नियम माहीत असणे आणि या क्षणी काय करावे हे ठरवणे, यांतला फरक त्या चर्चेत स्पष्ट झाला.

दोन गंभीर त्रुटी सांगायलाच हव्यात. एका व्याख्यानात ‘वैयक्तिक ज्ञान’ म्हणजे वर्षानुवर्षांचा स्वतःचा अनुभव, असे सांगितले गेले. हे चूक आहे. कार्पर यांना अभिप्रेत आहे ते स्वतःला ओळखणे आणि रुग्णाला वस्तू न मानता माणूस म्हणून भेटणे. वीस वर्षांच्या नोकरीनंतरही ते कमावलेले असेलच असे नाही. अनुभवातून येणारे कौशल्य हा वेगळा विषय आहे. परिचर्येच्याच अभ्यासक पॅट्रिशिया बेनर यांनी 1984 मध्ये नवशिक्यापासून निष्णातापर्यंतच्या पाच पायऱ्यांतून त्याचा विचार केला, आणि तो त्यांच्याच नावाने शिकवायला हवा होता. थेट तासात मी हे विचारले, तेव्हा शिक्षिकेने चूक मोकळेपणाने मान्य केली, पण ध्वनिचित्रफीत अभ्यासक्रम संपेपर्यंत बदललेली नव्हती.

दुसरी त्रुटी अधिक बोचते. परिचर्येच्या अभ्यासक जिल व्हाइट यांनी 1995 मध्ये कार्पर यांच्या या चौकटीत सामाजिक-राजकीय ज्ञानाची भर घातली, तिला येथे स्थानच नाही. शिधापत्रिका सोबत नाही म्हणून योजनेचे कागद अडतात, ऊसतोडणीवरून आलेला माणूस टाके निघण्याआधी परत जायचे म्हणतो, एका पाळीत दोघींवर चाळीसहून अधिक रुग्ण असतात. आमच्याकडे शुश्रूषेचा दर्जा ठरतो तो बऱ्याचदा येथेच, आणि हे जाणणे हाही ज्ञानाचाच भाग आहे.

थेट तास संध्याकाळी सात वाजता असतो. रात्रपाळीला निघणाऱ्यांना तो गाठता येत नाही आणि त्याची ध्वनिचित्रफीत सातच दिवस उपलब्ध राहते. एम.एस्सी. नर्सिंगच्या प्रवेशाची तयारी करणाऱ्यांना पहिले तीन आठवडे उपयोगी पडतील. कक्षात काम करणाऱ्यांनी थेट चौथ्या आठवड्यापासून सुरुवात करावी आणि स्वाध्याय एकही चुकवू नये.