मुलाच्या डोकेदुखीवरच्या बिनलेबलच्या पुड्या

गेल्या आठवड्यात सांगलीत विश्रामबागेत भाजी घेताना एका बाईंच्या पिशवीत तेच हँडबिल दिसलं. ‘वारंवार डोकं दुखणाऱ्या मुलांसाठी मोफत मेंदू तपासणी शिबिर.’ वर नाव वेगळं, मंगल कार्यालय वेगळं, मजकूर मात्र शब्दाला शब्द तोच. म्हणून हे लिहायला बसले.

माझा मुलगा नऊ वर्षांचा. पावसाळा सरता सरता त्याचं डोकं दुखायला लागलं. शाळेतून आला की कपाळ दाबून पडायचा. दिवा नको, टीव्हीचा आवाज नको. एकदा उलटी झाली की झोपायचा आणि दोन-तीन तासांनी उठून काहीच झालं नसल्यासारखा जेवायला मागायचा. आठवड्यातून दोनदा, कधी तीनदा. डोळे तपासले, नंबर नव्हता. सासूबाई म्हणाल्या नजर लागली, शाळेतल्या बाई म्हणाल्या अभ्यास टाळतोय. मी रात्री मोबाईलवर मेंदूतल्या गाठीबद्दल वाचत जागी राहायचे.

दिवाळीच्या आधी हँडबिल आलं आणि आम्ही गेलो. पांढऱ्या कोटातल्या माणसानं मुलाच्या मुठीत धातूची कांडी दिली, तिची वायर लॅपटॉपला जोडली. मिनिटभरात प्रिंटरमधून बावीस पानं बाहेर आली. काळीज, यकृत, हाडं, जीवनसत्त्वं, सगळ्याचे आकडे! शेवटच्या पानावर लाल अक्षरात लिहिलेलं, मेंदूचा रक्तपुरवठा ३८ टक्के कमी. तो म्हणाला, “ताई, नस दबलीय. आत्ता लक्ष दिलं नाही तर पुढं फिट येतील. एमआरआयमध्ये हे दिसत नाही, उगाच पैसे घालवू नका.” दुसरीकडे दाखवायची वाट त्यानं तिथंच बंद केली, हे मला फार उशिरा कळलं. तीन महिन्यांचा कोर्स साडेअठरा हजारांचा, आज भरले तर चौदा. रोखच हवे होते. पावती म्हणून व्हिजिटिंग कार्डाच्या मागं पेनानं रक्कम लिहून दिली.

वर्तमानपत्राच्या कागदातल्या पुड्या, दोन वेळा मधातून. तिसऱ्या दिवसापासून डोकं थांबलं, ते तीन आठवडे दुखलंच नाही. मी आनंदानं जाऊबाईंना आणि शेजारच्या वहिनींना त्याचा नंबर दिला. पैसे गेल्याचं दुःख एकवेळ गिळता येतं, हे गिळता येत नाही.

सहाव्या आठवड्यात त्याचे गाल फुगले, चेहरा गोल झाला, सारखी भूक. सासूबाईंना वाटलं बाळसं धरलं. एकदा पुड्या संपल्या आणि दोन दिवस खंड पडला, तर डोकं पहिल्यापेक्षा जोरात उठलं. फोन केला. “नस उघडतेय, डोस वाढवावा लागेल,” म्हणून आणखी सहा हजार घेतले. त्यानंतर तो नंबर लागलाच नाही.

मिरज आमच्यापासून पाऊण तासावरही नाही. १८९४ साली तिथं मिशन हॉस्पिटल निघालं, तेव्हापासून कर्नाटकातून लोक मिरजेला उपचारासाठी येतात. आम्ही मात्र डिसेंबरात, सगळं करून झाल्यावर तिथल्या एका बालरोगतज्ज्ञ मॅडमकडे गेलो. त्यांनी आधी पाऊण तास नुसतं विचारलं. पहाटे डोकं दुखून जाग येते का? सकाळी सकाळी उलटी? चालताना तोल जातो, दोन-दोन दिसतं, फिट आली? खोकताना, वाकताना वाढतं? स्वभाव बदलला? दुखणं दिवसेंदिवस वाढत चाललंय का? यातलं काही असतं तर स्कॅनला थांबलो नसतो, म्हणाल्या, आणि ताप येऊन मान ताठली तर रात्रीच दवाखाना गाठायचा. मग डोळ्यांच्या आतला पडदा पाहिला, रक्तदाब घेतला, त्याला एका रेषेत चालायला लावलं. हा मायग्रेन होता. मुलांमध्ये तो अर्ध्याच डोक्यात दुखतो असं नाही, कपाळभर दुखतो आणि दोन-तीन तासांतही ओसरतो. “घरात कुणाला आहे?” असं विचारल्यावर मी गप्प झाले. कॉलेजपासून मी ज्याला पित्त म्हणते, ते तेच होतं.

पुडी बघून त्यांचा चेहरा बदलला. आत काय आहे ते तपासल्याशिवाय सांगता येत नाही, पण रक्तदाब वाढलेला आणि चेहरा असा, म्हणजे स्टेरॉइडचा संशय. सकाळी आठचं कॉर्टिसॉल, म्हणजे शरीर स्वतः बनवतं ते स्टेरॉइड, रक्तात तपासलं, ते कमी आलं. बाहेरून स्टेरॉइड मिळत राहिलं की शरीर स्वतःचं बनवणं कमी करतं, आणि पुडी एकदम तोडली तर मूल गळून जाऊ शकतं. म्हणून मोजून औषध देऊन ते टप्प्याटप्प्यानं कमी केलं. कुणाच्या घरात अशा पुड्या चालू असतील तर स्वतःच्या मनानं एका दिवसात बंद करू नका, पुडी घेऊन आधी डॉक्टरांकडे जा.

मग पहिले तीन आठवडे बरं कसं वाटलं? मॅडमनी दिवाळीच्या सुट्टीच्या तारखा विचारल्या. शाळा बंद, झोप पुरेशी, खाणं वेळेवर. शिवाय मायग्रेन लाटेसारखा चढतो-उतरतो. अमेरिकेतल्या ८ ते १७ वयाच्या मुलांवरचा एक अभ्यास २०१७ साली छापून आला, तोही त्यांनी सांगितला. त्यात औषधाचा अंशही नसलेली गोळी घेणाऱ्या ६१ टक्के मुलांचे डोकेदुखीचे दिवस निम्म्यावर किंवा त्याखाली आले होते. म्हणजे त्या माणसाला फक्त सुट्टीच्या तोंडावर शिबिर घ्यायचं होतं. आताही उन्हाळ्याची सुट्टी जवळ आली आहे.

आम्हाला उपयोग झाला तो एका वहीचा. कधी दुखलं, आधी काय खाल्लं, किती झोपला. दीड महिन्यात दिसलं की बहुतेक दुखणी पीटीच्या दिवशीची, नुसत्या चहा-बिस्किटावर सात वाजता घर सोडल्यानंतरची. आता दूध-भाकरी खाल्ल्याशिवाय तो निघत नाही, पाण्याची बाटली संपवून येतो, साडेनऊला झोपतो. दुखायला लागलं की लगेच वजनाप्रमाणे पॅरासिटामॉल आणि अंधारी खोली. पण आठवड्यात दोन दिवसांहून जास्त नाही, कारण वरचेवर घेतलेल्या वेदनाशामकानंही डोकं दुखतं. ॲस्पिरिन मुलांना द्यायचीच नाही. महिन्यातून आता दोनदा दुखतं.

आयुर्वेदावर माझा राग नाही. खऱ्या औषधावर घटक, बनवणाऱ्याचं नाव, परवाना क्रमांक, बॅच आणि मुदत असते, आणि खऱ्या वैद्यांना नोंदणी क्रमांक विचारला तर ते दाखवतात. आम्ही यातलं काहीच विचारलं नाही. ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ वर तक्रार नोंदवली आहे. जिल्हा ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला फी नाही, पण माझ्याकडे पुरावा म्हणून कार्डामागचा आकडा, बावीस पानं आणि अकरा पुड्या एवढंच आहे. जाऊबाईंचं आणि वहिनींचं मूल मी स्वतः मिरजेला नेऊन तपासून आणलं.

हँडबिलावर येत्या रविवारची तारीख आहे. सकाळी नऊला आम्ही तिघी मुलाच्या रक्ताचा रिपोर्ट घेऊन त्या कार्यालयाच्या दारात उभ्या राहणार आहोत.