भाज्यांचे नूडल्स: झुकिनी की गाजर?

स्पायरलायझरवर, म्हणजे भाजीच्या नूडल्ससारख्या लांब तारा काढणाऱ्या साधनावर, झुकिनी (काकडीसारखी दिसणारी भाजी) फिरवायला सोपी. मऊ असल्यामुळे जोर लागत नाही, लांबसडक तार सुटते. पण तिच्यात जवळजवळ 95 टक्के पाणी असतं. गरम सॉस ओतला की थोड्याच वेळात ताटात तळं साचतं. म्हणून तारांना मीठ लावून 10-15 मिनिटं चाळणीत ठेवा, मग स्वच्छ कापडात हलक्या हाताने पिळा. कढई चांगली तापवून, झाकण न ठेवता एक-दोन मिनिटंच परता. तार वाकते, पण दाताखाली अजून किंचित कुरकुरते, तिथेच गॅस बंद. सॉस दाट हवा आणि त्यात मीठ बेताचं, कारण थोडं तारांमध्ये उतरलेलं असतंच.

गाजर कडक. बारीक गाजराची धड तार निघत नाही, तुकडेच पडतात. जाड, सरळ गाजर घ्या आणि दोन्ही टोकं सपाट कापा. ते पाणी कमी सोडतं, चार-पाच मिनिटं परतलं तरी आकार टिकतो. डब्यासाठी आणि कच्च्या सॅलडसाठी मी डोळे झाकून गाजरच घेईन. टोमॅटोच्या आंबट सॉसबरोबर मात्र झुकिनी. तिला स्वतःची फारशी चव नाही, सॉस खुलतो. गाजराचा गोडवा तिथे मध्ये मध्ये येतो.