संगीतरचनेची पदवी: पुणे, चेन्नई, परदेश की नाशिकमध्ये राहूनच?

जाहिरातीच्या संगीताचं काम देताना पदवीचं प्रमाणपत्र कुणी मागत नाही. मागतात ती लिंक. तीस-तीस सेकंदांचे दोन-तीन नमुने, आणि त्यातलेही पहिले आठ सेकंद नीट ऐकले तर नशीब. वेब सिरीज, गेम, नाटक, सगळीकडे थोड्याफार फरकाने हेच. मग म्युझिक कंपोझिशनच्या पदवीवर तीन-चार वर्षं आणि काही लाख रुपये कशाला घालायचे, असं पालक विचारतात. प्रश्न रास्त आहे.

माझं उत्तर असं की कागदासाठी ही पदवी घेऊच नये. तुम्ही लिहिलेलं दुसऱ्या कुणीतरी खऱ्या वाद्यावर वाजवावं, एखाद्या जाणत्याने ते ऐकून कुठे फसलंय ते तोंडावर सांगावं आणि शुक्रवारपर्यंत दुरुस्त करून आणायला लावावं, यासाठी घ्यावी. लॅपटॉपमधलं व्हायोलिन कुठलाही सूर कितीही वेळ न थकता धरतं. खऱ्या व्हायोलिनवाल्याला गज परतवावा लागतो, बासरीवाल्याला श्वास घ्यावा लागतो. हे ज्याने कधी समोर बसून पाहिलं नाही, त्याने लिहिलेलं पार्श्वसंगीत मोठ्या स्टुडिओत वादकांपुढे ठेवलं की पहिल्याच टेकला उघडं पडतं. म्हणून खालचे सगळे पर्याय मी एकाच प्रश्नावर तपासले आहेत: तिथे तुमची रचना कोण वाजवणार आणि ती ऐकून कोण बोलणार?

अजय-अतुल कुठल्या विद्यापीठात शिकले, हा प्रतिप्रश्न येणारच. औपचारिक शिक्षण नव्हतं हे खरं आहे. पण न शिकता जमलेल्यांची नावं आपल्याला ठाऊक असतात, न जमलेल्यांची नसतात.

पुण्या-मुंबईची संगीतातली बीए

सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचं ललित कला केंद्र १९८७ पासून आहे, मुंबई विद्यापीठाचा संगीत विभाग त्याहून जुना. पुण्यात भारती विद्यापीठ आणि एमआयटी-एडीटी यांच्याकडेही संगीताच्या पदव्या आहेत. सरकारी विद्यापीठात फी परवडण्यासारखी, खासगीत बरीच जास्त. अभ्यासक्रमाचा कणा सगळीकडे साधारण सारखाच: हिंदुस्थानी गायन किंवा वादन, राग, ताल, इतिहास, गुरूसमोरचा रियाज.

यातून कान तयार होतो, आणि त्याला दुसरा पर्याय नाही. चार ओळी वाचून त्यांना तीन वेगवेगळ्या चाली लावून दाखवणं, गायकाच्या पट्टीप्रमाणे जागच्या जागी स्वर बदलणं, ठेका बदलला की ओळीचं वजन कुठे सरकतं ते ओळखणं. मुंबईतल्या रेकॉर्डिंगच्या सेशनमध्ये याची किंमत रोज कळते. पण रचनाकार म्हणून जे लागतं त्यातलं निम्मं इथे शिकवलं जात नाही. हार्मनी (एकत्र वाजणाऱ्या सुरांची जुळणी) नाही, ऑर्केस्ट्रेशन (कुठल्या वाद्याला काय द्यायचं) नाही, स्टाफ नोटेशन (पाच रेषांवरचं पाश्चात्त्य स्वरलेखन) बहुधा नाहीच. भातखंडे किंवा पलुस्कर पद्धतीचं स्वरलेखन एका गळ्यासाठी उत्तम आहे. बारा वादकांनी एकाच क्षणी काय काय करायचं, हे त्यात मांडता येत नाही.

ललित कला केंद्राबद्दल एक गोष्ट मात्र माहितीपुस्तिकेत ठळक दिसत नाही आणि मला ती सगळ्यात मोलाची वाटते: तिथे संगीत, नृत्य आणि नाट्य एकाच छताखाली आहेत. नाटकवाल्यांना कायम संगीत हवं असतं, त्यांच्याकडे पैसे नसतात आणि प्रयोगाची तारीख पुढे ढकलता येत नाही. शिकणाऱ्याला याहून चांगलं गिऱ्हाईक मिळणार नाही.

पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटचं, म्हणजे एफटीआयआयचं, नाव हमखास निघतं, म्हणून थोडक्यात. तिथे ध्वनिमुद्रण आणि ध्वनिरचनेचा तीन वर्षांचा अभ्यासक्रम आहे, संगीतरचनेचा नाही. तो पदवीनंतरचा आहे आणि त्याला बारावीत भौतिकशास्त्र असावं लागतं. कला शाखेत जाऊन बसल्यावर हे कळलेली मुलं मी पाहिली आहेत. अकरावीचा फॉर्म भरतानाच याचा विचार करा.

चेन्नई

ए. आर. रहमान यांनी २००८ मध्ये सुरू केलेली केएम म्युझिक कॉन्झर्व्हेटरी चेन्नईत आहे. एक वर्षाचा फाउंडेशन, पुढे लंडनच्या मिडलसेक्स विद्यापीठाशी जोडलेला डिप्लोमा आणि मग लंडनला जाऊन पदवी पूर्ण करण्याची वाट, अशी तिची ओळख आहे. मधल्या काळात नियम आणि करार बदलत असतात, तेव्हा प्रवेशाच्या वर्षीचं पत्रक वाचूनच ठरवा. इथे पाश्चात्त्य संगीत, संगीत तंत्रज्ञान आणि हिंदुस्थानी गायन शेजारी-शेजारी शिकवलं जातं. कॉयर म्हणजे समूहगायनाचा गट आहे, वाद्यवृंद आहे. तुमची रचना कोण वाजवणार, या प्रश्नाला भारतात मिळणाऱ्या बऱ्या उत्तरांपैकी हे एक.

अडचण फीची आहेच, त्यापेक्षा मोठी ओळखींची. चेन्नईत ज्यांच्याबरोबर शिकाल ते पुढे बहुतेक तमिळ, तेलुगू, मल्याळम उद्योगात काम करतील. तिथेच राहायची तयारी असेल तर हा फायदा आहे. मराठी-हिंदीत काम करायचं असेल तर मुंबईत येऊन पुन्हा शून्यापासून दारं वाजवावी लागतील. गोरेगावच्या फिल्मसिटीतली व्हिसलिंग वूड्ससारखी संस्था त्या बाबतीत सोयीची: सिनेमा करणारी मुलं त्याच आवारात. फी मात्र ऐकून बसायला खुर्ची लागते.

परदेश, आणि तिथला खरा हिशेब

इंग्लंडमधल्या अनेक विद्यापीठांत आता थेट सर्जनशील उद्योगांसाठी संगीतरचना अशा धाटणीच्या पदव्या आहेत. तीन वर्षांत चित्रपट, गेम, जाहिरात, रंगमंच या सगळ्यांसाठी लिहायचं, विद्यार्थी-वादकांकडून वाजवून घ्यायचं, शेवटी मोठा प्रकल्प. अमेरिकेत बोस्टनचं बर्कली हे संगीत महाविद्यालय, तिथली पदवी चार वर्षांची, तिथे चित्रपटसंगीत हा स्वतंत्र विषयच आहे. जर्मनीतल्या सरकारी संगीत विद्यापीठांत फी नगण्य. बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्यात युरोपबाहेरच्यांना सत्राला १,५०० युरो पडतात, तरीही इंग्लंड-अमेरिकेपुढे ती रक्कम किरकोळच. पण जर्मन भाषा आणि कठीण प्रवेशपरीक्षा या दोन भिंती ओलांडाव्या लागतात.

शिकवण्यात हे पर्याय सरस आहेत, यात मला शंका नाही. गेमचं संगीत हे साधं उदाहरण घ्या. गेममध्ये तुकडा सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाजत नाही. खेळणारा गुहेत किती वेळ रेंगाळेल हे रचनाकाराला माहीत नसतं. म्हणून संगीत थरांमध्ये लिहायचं: शत्रू जवळ आला की ड्रमचा थर चढतो, तो मेला की उतरतो, आणि कुठल्याही मात्रेवरून पुढच्या भागात उडी घेता आली पाहिजे. एफमॉड, वाइज ही त्यासाठीची सॉफ्टवेअर. हे पुस्तकातून कळतं, पण शेजारच्या विभागातल्या गेम बनवणाऱ्या मुलाबरोबर भांडत केलं तरच जमतं. चांगल्या विद्यापीठात तो मुलगा शेजारी असतो.

आता हिशेब. बर्कलीचं फक्त शिक्षणशुल्क वर्षाला ५० हजार डॉलरच्या घरात जातं. इंग्लंडमध्ये बाहेरच्या विद्यार्थ्यांना साधारण १५ ते २५ हजार पौंड, नामवंत कॉन्झर्व्हेटरीत त्याहून जास्त; राहणं-खाणं वेगळं. याहून महत्त्वाची गोष्ट एजंट आपणहून सांगत नाहीत. इंग्लंडच्या विद्यार्थी व्हिसावर सत्राच्या काळात आठवड्याला २० तास नोकरी करता येते, पण स्वतंत्र व्यवसाय करता येत नाही. आणि संगीतातलं काम बहुतेक फ्रीलान्सच असतं! म्हणजे कॉफीच्या दुकानात काम चालेल, एखाद्या लघुपटाचं संगीत मानधनावर घेतलेलं चालणार नाही. पदवीनंतरच्या ग्रॅज्युएट व्हिसावर ही बंधनं सुटतात, पण त्याची मुदत दोन वर्षांची आहे आणि १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्या पदवी-पदव्युत्तर विद्यार्थ्यांना १८ महिनेच मिळणार आहेत. अमेरिकेत संगीताच्या पदवीवर काम करायला एक वर्ष. नवख्या रचनाकाराला पहिलं बरं काम मिळेपर्यंतच एवढा काळ जातो. त्यानंतर परतायचं, डोक्यावर कर्ज, आणि मुंबईत ओळख कुणाचीच नाही.

म्हणून बारावीनंतर लगेच तीन-चार वर्षांसाठी बाहेर जाणं मला बहुतेकांच्या बाबतीत चुकीच्या क्रमाचं वाटतं. तेच एक वर्षाची मास्टर्स असेल तर चित्र वेगळं दिसतं. बर्कलीच्याच स्पेनमधल्या व्हॅलेन्सिया केंद्रात चित्रपट, टीव्ही आणि गेमसंगीताची एका वर्षाची मास्टर्स आहे, इंग्लंडमध्येही एका वर्षाच्या बऱ्याच आहेत. प्रवेश मुख्यतः पोर्टफोलिओवर मिळतो. तोवर मुंबईत चार माणसं तुम्हाला ओळखत असतील, आणि स्वतःला नेमकं काय येत नाही हेही समजलेलं असेल.

नाशिकमध्येच राहून

नाशिकला सिनेमाचा वारसा आहे. फाळक्यांची हिंदुस्थान फिल्म कंपनी इथलीच, पण ते मूकपट. आवाजाचा उद्योग इथे रुजला नाही. रागसंगीताच्या बाबतीत मात्र शहर श्रीमंत. विष्णू दिगंबर पलुस्कर आयुष्याच्या उत्तरार्धात इथे आश्रम काढून राहिले, आणि आजही गल्लोगल्ली गांधर्व महाविद्यालयाच्या परीक्षांचे क्लास आहेत. प्रारंभिकपासून विशारद पूर्णपर्यंत सात परीक्षा. बरीच मुलं दहावीचे वाढीव गुण मिळाले की पेटी माळ्यावर टाकतात, तो भाग सोडा. ज्याला रचनाकार व्हायचंय त्याने ती खाली काढावी.

राहण्याचा मार्ग असा: यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाची किंवा इथल्याच कॉलेजची कुठलीही पदवी, सोबत विशारद, सोबत लंडनच्या ट्रिनिटी कॉलेजच्या ग्रेड परीक्षांमधून पाश्चात्त्य थिअरी किमान पाचव्या ग्रेडपर्यंत. लॅपटॉप घरात असेल तर ऑडिओ इंटरफेस, हेडफोन, मिडी कीबोर्ड आणि एक बरा माइक चाळीस-पन्नास हजारांत होतो. रीपर हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर वैयक्तिक वापराला ६० डॉलरमध्ये मिळतं, नोटेशनसाठी म्यूझस्कोअर फुकट आहे. मुंबई दूर नाही. सकाळच्या पंचवटी एक्स्प्रेसने जाऊन सेशन बघून रात्री परत येता येतं.

मग वाजवणार कोण? इथेच हा मार्ग लंगडा पडतो, पण दिसतो तेवढा नाही. लग्नसराई संपली की बँडमधले ट्रम्पेट आणि क्लॅरिनेटवाले मोकळे असतात. रास्त पैसे दिले तर ते बसतात, आणि त्यांच्या वाद्यावर काय अशक्य आहे ते बिनधास्त सांगतात. ढोलपथकं आहेत, ‘नाशिक ढोल’ नावाचे तयार लूप जगभर विकले जातात आणि आपण मात्र खरा ढोल माइकवर कसा घ्यायचा हे शिकत नाही. राज्य नाट्य स्पर्धेच्या तालमी असतात. बिल्डरांच्या जिंगल, गणपतीची गाणी, निवडणुकीची प्रचारगीतं ही कामंही आहेत. उणीव राहते ती तपासणाऱ्या गुरूची. क्लासमधले सर राग तपासतील, पण बारा पानांचा स्कोअर, म्हणजे सगळ्या वाद्यांचं एकत्र नोटेशन, तपासणारा माणूस इथे शोधावा लागतो. ऑनलाइन कुणाकडे महिन्याला दोन तास विकत घ्यावे लागले तरी घ्या.

या मार्गाला आणखी एक नवा धोका आहे. कंपनीच्या व्हिडिओखाली वाजणारं साधं-सरळ संगीत हे नवख्याचं पहिलं काम असायचं. ते आता सुनोसारखी एआय यंत्रं मिनिटात करून देतात. घरी बसून फक्त सॅम्पल, म्हणजे आधीच रेकॉर्ड केलेले तुकडे, जुळवणाऱ्याला त्यांच्याशी स्पर्धा करावी लागते. खऱ्या वादकांसाठी लिहिणाऱ्याला, किंवा दिग्दर्शकाशेजारी बसून “इथे काहीच वाजायला नको” असं म्हणू शकणाऱ्याला, सध्या तरी तेवढी नाही.

कुठल्याच मार्गात नीट न शिकवलेली गोष्ट

करार. २०१२ च्या कॉपीराइट दुरुस्तीनुसार चित्रपटात वापरलेल्या संगीताची रॉयल्टी, चित्रपटगृहातलं प्रदर्शन वगळता, रचनाकार आणि हक्क घेणारा यांनी समसमान वाटून घ्यायची असते. रचनाकाराने तो वाटा वारस किंवा कॉपीराइट सोसायटी सोडून कुणाला लिहून दिला, तर ते लिहून देणं कायद्याने ग्राह्य नाही. संगीतकार-गीतकारांसाठी रॉयल्टी गोळा करून देणारी ही सोसायटी म्हणजे आयपीआरएस. हक्क रचनाकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो. तरीही “सगळे हक्क एकरकमी” असं कलम समोर येतं आणि पहिल्या कामाच्या आनंदात सही होते. ज्या अभ्यासक्रमात हे शिकवत असतील, त्याला माझ्याकडून दोन गुण जास्त.

कुणी काय निवडावं

गाणी करायची आहेत, चाली सुचतात, हात पेटीवर चालतो: परदेशाचा विचारच नको. पुणे किंवा मुंबईची बीए, आणि दुसऱ्या वर्षापासून मुंबईच्या फेऱ्या. पियानो किंवा व्हायोलिनवर सातवी-आठवी ग्रेड झाली आहे, ओढा वाद्यवृंदाकडे किंवा गेमकडे आहे: चेन्नई आधी, मग परदेशातली मास्टर्स. थेट परदेशी पदवी फक्त शिष्यवृत्ती मिळाली तर, किंवा घर गहाण न ठेवता फी भरता येत असेल तर. अजून नक्की काहीच माहीत नाही, नुसती ओढ आहे: एक वर्ष नाशिक, कुठल्याही पदवीला नाव घालून.

पोर्टफोलिओ कुठेही लागणार, तेव्हा तो आताच सुरू करा. तीन मिनिटांची एक रचना, तीन वाद्यांसाठी, नोटेशनसकट, खऱ्या वादकांकडून वाजवून घेतलेली. दुसरी, एखाद्या मित्राच्या लघुपटातल्या दीड मिनिटाच्या प्रसंगासाठी. त्या दोन्ही पूर्ण झाल्यावर प्रवेशाचे फॉर्म उघडा.