लॅमिनार म्हणून विकलेली पंख्याची पेटी

जाहिरात ठरलेली असते. ‘घरबसल्या अळिंबीचं स्पॉन तयार करा, लॅबचं यंत्र निम्म्या किमतीत.’ स्पॉन म्हणजे दाण्यांवर वाढवलेलं अळिंबीचं बियाणं. फोनवरचा माणूस गोड बोलतो, बुकिंगचे दोन हजार लगेच मागतो आणि बाकीचे माल निघण्याआधी. सगळे मिळून अठरा-वीस हजार. पावती मागितली की ‘मालासोबत येईल’. मालासोबत येतो तो फक्त ‘लॅमिनार एअर फ्लो’ असं छापलेला स्टिकर. खरा लॅमिनार म्हणजे गाळलेल्या हवेचा सरळ, सारखा झोत सोडणारी पेटी.

अशी एक पेटी मागून उघडली तेव्हा आत काय निघालं ते बघा. सनमायका लावलेली प्लाय, समोर अॅक्रिलिकचं झाकण. मागचे चार स्क्रू काढल्यावर संगणकात बसतात तसले 12 सेंटिमीटरचे दोन पंखे, एक 12 व्होल्टचा अडॅप्टर आणि पुढ्यात वहीएवढा घड्या घातलेला पांढरा कागद. हाच म्हणे ‘हेपा’, म्हणजे अगदी बारीक कण अडवणारा फिल्टर. त्यावर ना अनुक्रमांक, ना श्रेणी, ना चाचणीचा कागद. फिल्टरची चौकट आणि प्लाय यांच्यात गॅस्केट नाही, नुसते ग्लू-गनचे ठिपके. दोन ठिपक्यांच्या मधल्या फटीतून पोस्टकार्ड आरपार जात होतं.

यात फसवणूक नेमकी कुठे आहे हे कळायला थोडं गणित लागतं. एच-14 श्रेणीचा हेपा फिल्टर, पकडायला सर्वांत अवघड अशा आकाराचे कणही 99.995 टक्के अडवतो, एच-13 श्रेणीचा 99.95 टक्के. इतकी दाट जाळी हवेला आडकाठी करणारच. ठरलेल्या प्रवाहाला नव्या फिल्टरचा विरोध प्रकारानुसार साधारण 100 ते 250 पास्कल, म्हणजे 10 ते 25 मिलिमीटर पाण्याच्या दाबाइतका. संगणकाचा साधा पंखा तोंड पूर्ण बंद केलं तरी दोन-तीन मिलिमीटरच्या पुढे क्वचितच जातो. त्यामुळे फिल्टर खरा असेल तर हे पंखे त्यातून कामापुरती हवा ढकलू शकत नाहीत. आणि समोर चांगला वारा लागत असेल तर फिल्टर खरा नाही. विकणाऱ्याला यातली कुठली बाजू घ्यायची ते विचारा, मजा येते.

खऱ्या लॅमिनारमध्ये फिल्टरच्या पूर्ण तोंडावर सेकंदाला सुमारे 0.45 मीटर वेगाची सारखी हवा लागते. दोन फूट बाय दोन फुटांच्या फिल्टरला हिशेब केला तर तासाला 600 घनमीटर, म्हणजे मिनिटाला 350 घनफूट. त्यासाठी दाब पेलणारा सेंट्रिफ्यूगल ब्लोअर हवा. वर सांगितलेल्या पेटीत हवा सोपी वाट धरते, म्हणजे ठिपक्यांमधली फट. खोलीतली धूळ आणि बुरशीचे बीजाणू तिथून थेट उघड्या प्लेटवर, म्हणजे कल्चर (अळिंबीची निवडलेली शुद्ध बुरशी) वाढवायच्या बशीवर, येतात. ही पेटी वापरण्यापेक्षा पंखा बंद करून टेबलावर काम केलेलं परवडलं.

जांभळा उजेड ही दुसरी टोपी. जंतू मारणाऱ्या यूव्ही-सी ट्यूबचा किरण 254 नॅनोमीटरचा असतो. पेटीतली एलईडी पट्टी 395 ते 405 नॅनोमीटरची, नोटा तपासायच्या दिव्यात असते तसली. तिने बीजाणूंना काही होत नाही. खरी ट्यूब डोळ्यांना आणि कातडीला इजा करते, म्हणून काम सुरू करण्याआधी ती बंद करावीच लागते. ‘दिवा चालू ठेवून आत हात घाला’ असं सांगणाऱ्याकडे एकतर खोटा दिवा आहे किंवा त्याला तुमच्या डोळ्यांची पर्वा नाही.

हा धंदा टिकतो कसा? आठवडाभरात दाण्यांवर हिरवी बुरशी, म्हणजे ट्रायकोडर्मा, चढते. फोन केला की उत्तर तयार: ‘तुमची स्वच्छता कमी पडली.’ मग फवारणीचं औषध, मग ‘अपग्रेड’ फिल्टर. घेणारा स्वतःलाच दोष देत बसतो. संसर्गाची कारणं खरोखरच अनेक असतात, आणि विक्रेता त्याच्याच आड लपतो. म्हणून कारण वेगळं काढता आलं पाहिजे. हिरवे ठिपके बरणीभर, अगदी तळापर्यंत विखुरलेले असतील तर बहुतेक वेळा दाणे नीट निर्जंतुक झालेले नसतात. कल्चर टाकलं त्या जागी किंवा फक्त वरच्या थरावर सुरुवात झाली तर हवा, हात किंवा मुळातलं कल्चर. दाणे चिकट होऊन आंबूस वास आला तर जिवाणू, म्हणजे दाण्यात पाणी जास्त राहिलं किंवा कुकर लवकर उतरवला. 15 पौंड दाबाला 121 अंश तापमान मिळतं. छोट्या बरण्यांना दाब चढल्यापासून दीड तास द्या. शिट्ट्या मोजून हे काम होत नाही.

हवेचा पुरावा प्लेट देते. 200 ग्रॅम बटाट्याचं उकळलेलं पाणी, 20 ग्रॅम ग्लुकोज, 20 ग्रॅम अगर (किराणा दुकानातला चायना ग्रास चालतो), सगळं मिळून एक लिटर. निर्जंतुक करून प्लेटमध्ये ओता. दोन प्लेट पेटीत पंखे चालू ठेवून अर्धा तास उघड्या ठेवा, दोन पेटीबाहेर तेवढाच वेळ, आणि दोन अजिबात उघडू नका. 25 ते 28 अंशांना चार-पाच दिवस ठेवून ठिपके मोजा. न उघडलेल्या प्लेटवर काही उगवलं तर माध्यमच खराब, चाचणी पुन्हा करा. त्या स्वच्छ राहिल्या आणि पेटीतल्या व बाहेरच्या प्लेट सारख्याच भरल्या, तर पैसे कशाचे दिले ते समोर दिसतं.

पण याहून मोठी लबाडी आधीच झालेली असते. तयार स्पॉन आणून धिंगरी (ऑयस्टर) अळिंबीच्या पिशव्या भरणाऱ्याला लॅमिनार लागतच नाही. गव्हाचं काड किंवा सोयाबीनचं कुटार 80 अंशांच्या पाण्यात तासभर ठेवलं, किंवा 100 लिटर पाण्यात 7.5 ग्रॅम कार्बेन्डाझिम आणि 125 मिलिलिटर फॉर्मेलिन घालून 16 ते 18 तास झाकून भिजवलं, निथळलं, की ओल्या काडाच्या वजनाच्या दोन-तीन टक्के स्पॉन थरांमध्ये टाकायचं. (फॉर्मेलिनची वाफ डोळ्यांना झोंबते, ते काम उघड्यावर करा.) धुतलेली खोली, धुतलेले हात, झालं. स्वच्छ हवेची गरज पडते ती अगर प्लेट, कल्चर आणि दाण्यांवरचं स्पॉन स्वतः करायचं ठरवलं तर. फोनवरचा माणूस हा फरक कधीच सांगत नाही.

आणि स्पॉन करायचंच असेल तर सुरुवातीला हजारभर रुपयांत काम भागतं. 60-70 लिटरचा पारदर्शक प्लॅस्टिकचा डबा घ्या आणि टेबलावर पालथा घाला. लांब बाजूला हात जातील अशी 10 सेंटिमीटरची दोन भोकं, खालची कड टेबलापासून आठ-दहा सेंटिमीटर वर, दोन्ही भोकांच्या मध्यांत 25 ते 30 सेंटिमीटर अंतर. त्याच मापाचा पत्र्याचा रिकामा डबा गॅसवर तापवून टेकवला की गोल भोक पडतं. धूर वाईट असतो, अंगणात किंवा गच्चीवर करा. कात्रीने किंवा सुरीने कापायला गेलात तर डबा तडकतो. कडा पॉलिशपेपरने घासा, नाहीतर मनगटं सोलतात.

यात पंखा नाही आणि तोच मुद्दा आहे. हवा थांबली की बीजाणू आपोआप खाली बसतात. खोलीतला पंखा, एसी, खिडक्या बंद करा. डबा आतून साबणाच्या पाण्याने पुसा आणि किंचित ओलसर राहू द्या, बसलेली धूळ तिथेच चिकटते. दहा-पंधरा मिनिटं थांबा. हात आणि हत्यारं 70 टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. 99 टक्क्यांचं मिळालं तर 700 मिलिलिटरमध्ये उकळून गार केलेलं पाणी घालून एक लिटर करा. पातळ केलेलं जास्त वेळ ओलं राहतं आणि जंतूंवर जास्त चालतं. भोकांना हातमोजे शिवू नका, हात आत-बाहेर होताना ते हवा पंपासारखी ढकलतात. प्लेटचं झाकण एका बाजूनेच तिरकं उचला, उघड्या प्लेटवरून हात नेऊ नका. आणि डब्यात स्पिरिटचा दिवा कधीच नको. अल्कोहोलची वाफ कोंडलेली असते, भडका उडतो. सुरी बाहेर तापवून घ्या किंवा निर्जंतुक पाकिटातलं ब्लेड वापरा.

तरी लॅमिनार घ्यायचाच असेल तर पैसे देण्याआधी तीन गोष्टी मागा: फिल्टरवरच्या लेबलचा फोटो (माप, श्रेणी, अनुक्रमांक), त्याच अनुक्रमांकाचा चाचणी अहवाल, आणि फिल्टरच्या चारही कडांशी उदबत्ती फिरवतानाचा व्हिडिओ. धूर सगळीकडे सरळ पुढे गेला पाहिजे; कडेला गिरकी घेतली किंवा मागे ओढला गेला तर गळती आहे. बिलावरचा जीएसटी क्रमांक पोर्टलवर तपासा. महाराष्ट्रातल्या नोंदणीचे पहिले दोन आकडे 27, गोव्याचे 30. स्पॉनचं रीतसर शिक्षण पुण्याच्या कृषी महाविद्यालयातल्या अळिंबी प्रकल्पाकडे किंवा सोलनच्या खुंब संशोधन संस्थेकडे विचारा, यंत्र विकणाऱ्याकडे नको.

पैसे गेलेच असतील आणि विक्रेता फोनच उचलेनासा झाला असेल तर 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर लगेच कळवा. उशीर झाला की रक्कम पुढच्या खात्यात गेलेली असते. माल आला पण खोटा निघाला तर 1915 ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, आणि तिथे भागलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तक्रार तुम्ही राहता त्या जिल्ह्यात करता येते, मुदत दोन वर्षं, आणि पाच लाखांपर्यंतच्या मालाला फी नाही. विक्रेता म्हणेल, ‘हे तर धंद्यासाठी घेतलं, तुम्ही ग्राहकच नाही.’ फक्त स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू कायदा व्यावसायिक वापरात धरत नाही, हे तक्रारीत स्पष्ट लिहा. पेटी परत पाठवायला सांगितलं तर आधी मागचं पॅनल उघडून पंख्यांवरची लेबलं, फिल्टरची कड आणि फट यांचे फोटो काढून ठेवा. फोनवरच्या बोलण्यापेक्षा ‘हेपा आहे’ असं लिहिलेला मेसेज आयोगापुढे जास्त उपयोगी पडतो, तेव्हा तो चुकूनही पुसू नका.