पेन, हँडहेल्ड की मल्टिपॅरामीटर? पाणी तपासणारा मीटर निवडताना

पाणी तपासायचा हातातला मीटर घ्यायचा म्हटलं की आधी पाहिलं जातं ते, तो किती गोष्टी मोजतो. मग नजर जाते अचूकतेच्या आकड्याकडे: अधिक-उणे ०.०१ पीएच, अधिक-उणे १ टक्का वगैरे. हे आकडे खोटे नसतात. पण ते नव्या, स्वच्छ आणि नुकत्याच कॅलिब्रेट केलेल्या (म्हणजे माहीत असलेल्या द्रावणाशी जुळवून घेतलेल्या) प्रोबचे असतात; प्रोब म्हणजे पाण्यात बुडवायचा मोजणारा भाग. सहा महिन्यांनी तोच मीटर काय दाखवेल हे दोन गोष्टींवर ठरतं: त्याचं कॅलिब्रेशन तुमच्याकडून नियमित होतं का, आणि प्रोब थकला की मीटर तसं कळू देतो का. म्हणून इथली तुलना त्याच अंगाने केली आहे.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. जिवाणू, आर्सेनिक, कीटकनाशकं यांतलं काहीही हे मीटर ओळखत नाहीत. टीडीएसचा, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या एकूण क्षारांचा, आकडा कमी आला म्हणजे पाणी पिण्याजोगं ठरलं, असं होत नाही. त्या प्रश्नासाठी नमुना प्रयोगशाळेतच द्यावा लागतो.

तिघांची ओळख

पेन मीटर खिशात मावतो. प्रोब आणि पडदा एकाच तुकड्यात. हँडहेल्डमध्ये यंत्र हातात आणि प्रोब केबलच्या टोकाला, त्यामुळे प्रोब बदलता येतो. मल्टिपॅरामीटरमध्ये एकाच दांड्यात पीएच, ईसी (विद्युतवाहकता), विरघळलेला ऑक्सिजन, तापमान आणि काही मॉडेलांत गढूळपणाही मोजणारे सेन्सर असतात. लांब केबल असेल तर तो विहिरीत किंवा तलावात खोलवर सोडता येतो.

पेन घेताना एकच प्रश्न विचारा: इलेक्ट्रोड, म्हणजे प्रोबचं मोजणारं टोक, बदलता येतो का? पीएचचा इलेक्ट्रोड वापरला नाही तरी म्हातारा होतो. साधारण वर्ष-दोन वर्षांत तो दम तोडतो, आणि तो बदलता येत नसेल तर अख्खा पेन टाकून द्यावा लागतो. ईसी-टीडीएसच्या पेनला ही अडचण फारशी नाही. त्याच्या दोन पिना स्वच्छ ठेवल्या तर तो वर्षानुवर्षं चालतो. थोडक्यात, ईसीसाठी पेन घ्यायला माझी हरकत नाही. पीएचसाठी मात्र मी हँडहेल्डच सुचवीन. कारण पुढे येतंच.

पीएच: खरा फरक इथे दिसतो

पीएचचा इलेक्ट्रोड मुळात व्होल्टेज देतो. आदर्श इलेक्ट्रोड ७ पीएचला ० मिलिव्होल्ट देतो आणि २५ अंश सेल्सिअसला दर एका पीएचमागे ५९.१६ मिलिव्होल्टचा फरक दाखवतो. इलेक्ट्रोडच्या टोकाची काच जुनी झाली किंवा जंक्शन (आतलं द्रावण बाहेरच्या पाण्याला जिथे भेटतं ती बारीक जागा) चोंदलं की दोन गोष्टी बिघडतात. शून्य सरकतं, त्याला ऑफसेट म्हणतात. आणि दर पीएचमागचा फरक घटतो, तो स्लोप.

एका बफरच्या, म्हणजे ठरलेल्या पीएचच्या द्रावणाच्या, कॅलिब्रेशनने फक्त ऑफसेट दुरुस्त होतो. समजा इलेक्ट्रोडचा स्लोप ८५ टक्क्यांवर आला आहे आणि तुम्ही तो फक्त ७ च्या बफरवर लावला. ७.२ पीएचचं पाणी तो ७.१७ दाखवेल, कुणाला शंकाही येणार नाही. ८.५ चं पाणी ८.२८ दाखवेल आणि १० चं ९.५५. म्हणजे ७ पासून जितकं लांब जाल तितकी चूक वाढत जाते. म्हणून दोन बफर ही किमान अट समजा: एक ७ चा, आणि दुसरा तुमचं पाणी ज्या बाजूला झुकतं त्या बाजूचा, म्हणजे ४.०१ किंवा १०.०१. पाणी दोन्ही बाजूंना जात असेल तर तीन.

आता तुलना. हँडहेल्ड मीटर बहुधा कॅलिब्रेशननंतर स्लोप टक्क्यांत आणि ऑफसेट मिलिव्होल्टमध्ये दाखवतात. स्लोप ९५ ते १०२ टक्के आणि ऑफसेट अधिक-उणे ३० मिलिव्होल्टच्या आत असेल तर इलेक्ट्रोड ठणठणीत. स्लोप ९० च्या खाली घसरला तर साफ करून पाहायचा, तरी सुधारला नाही तर बदलायचा. स्वस्त पेन यातलं काही सांगत नाही. पडद्यावर कॅलिब्रेशन झाल्याची खूण उमटते, आणि मरायला टेकलेला इलेक्ट्रोडही त्या परीक्षेत पास होऊन जातो.

पेन आधीच घेतला असेल तर एक तोडगा आहे. मीटर फॅक्टरी सेटिंगवर न्यायचा, फक्त ७ वर कॅलिब्रेट करायचा, आणि मग ४.०१ च्या बफरमध्ये बुडवून नुसतं वाचन घ्यायचं. आदर्श फरक २.९९ पीएचचा. वाचन ४.३ आलं तर फरक २.७, म्हणजे स्लोप साधारण ९० टक्के. हे महिन्यातून एकदा केलं तरी पेन कधी दगा देणार याचा अंदाज येतो.

तापमानाबद्दल बराच गोंधळ असतो. आपोआप तापमान भरपाई, म्हणजे एटीसी, फक्त इलेक्ट्रोडचा स्लोप सुधारते. १० अंशांना तो ५६.२ मिलिव्होल्ट असतो, तेवढीच दुरुस्ती. थंड पाण्याचा पीएच २५ अंशांना किती झाला असता, हे ती सांगत नाही. शिवाय बफरचा स्वतःचा पीएचही तापमानानुसार बदलतो: २५ अंशांना १०.०१ असलेला बफर १० अंशांना १०.१८ च्या आसपास असतो. चांगल्या हँडहेल्डच्या पोटात बफरांची ही कोष्टकं भरलेली असतात. साध्या पेनात बऱ्याचदा ती नसतात, त्यामुळे थंडीत उघड्यावर कॅलिब्रेशन करायचं तर बाटलीवरचं कोष्टक बघावं लागतं.

हँडहेल्ड ठरला की पुढचा प्रश्न: जेल भरलेला इलेक्ट्रोड की द्रव भरायचा? बाहेर फिरतीचं काम असेल तर जेल. त्याला देखभाल जवळपास नाही. द्रवाचा इलेक्ट्रोड लवकर स्थिरावतो आणि जास्त टिकतो, पण मोजताना भरणीचं भोक उघडायचं, नेताना बंद करायचं, पातळी बघायची, एवढं सगळं सांभाळावं लागतं. पावसाचं पाणी किंवा आरओचं पाणी मोजायचं असेल तर हा त्रास घ्यावा. अशा पाण्यात क्षार इतके कमी असतात की जेलचा इलेक्ट्रोड बराच वेळ हेलकावत राहतो. आणि डिस्टिल्ड वॉटर ७ दाखवत नाही म्हणून मीटर परत पाठवू नका. हवेतला कार्बन डायऑक्साइड विरघळल्याने त्याचा पीएच ५.६ च्या आसपास येतो. मीटर बरोबरच सांगत असतो.

इलेक्ट्रोड कोणताही असो, ठेवायचा पोटॅशियम क्लोराइडच्या द्रावणात (साधारण ३ मोलर), डिस्टिल्ड वॉटरमध्ये कधीच नाही. काचेचा फुगा पुसायचाही नाही, टिश्यूने हलकेच टिपायचा.

ईसी आणि टीडीएस

टीडीएस मीटर टीडीएस मोजतच नाही. तो विद्युतवाहकता, म्हणजे ईसी मोजतो आणि तिला एका गुणकाने गुणतो. गुणक कुठे ०.५, कुठे ०.७. ईसी १००० मायक्रोसीमेन्स असेल तर एक पेन ५०० दाखवेल, दुसरा ७००, आणि दोघंही आपापल्या परीने बरोबर! म्हणून ईसी दाखवणारा मीटरच घ्या, किंवा निदान गुणक बदलता येईल असा. फक्त टीडीएस दाखवणारा आणि गुणक कुठेच न सांगणारा पेन स्वस्तात मिळाला तरी नको.

इथे कॅलिब्रेशन सोपं आहे. बहुतेक कामांना एकच द्रावण पुरतं: १४१३ मायक्रोसीमेन्सचं, म्हणजे २५ अंशांना ०.०१ मोलर पोटॅशियम क्लोराइड. अगदी कमी क्षाराच्या पाण्याला ८४ चं आणि मचूळ-खाऱ्या पाण्याला १२.८८ मिलिसीमेन्सचं. प्रोब आधी कोरडा करून हवेत धरा. शून्य दिसायला हवं; नसेल तर तो मळलेला आहे. मग द्रावणात बुडवून हलका टोला द्या, कारण आत अडकलेला हवेचा बुडबुडा वाचन खाली खेचतो.

ईसी दर अंशामागे सुमारे २ टक्के बदलते, आणि मीटर ती २५ अंशांवर आणून दाखवतो. पण प्रोबला पाण्याचं तापमान येईपर्यंत थांबावं लागतं. उन्हात तापलेला प्रोब गार पाण्यात घालून दोन सेकंदांत वाचलेल्या आकड्याला अर्थ नाही.

दोन पिनांचा प्रोब की चार इलेक्ट्रोडचा? गोड्या पाण्याला दोन पिना पुरे. खारं पाणी, सांडपाणी, किंवा एकाच दिवशी दोन्ही टोकांची पाणी मोजायची असतील तर चार. त्याच्यावर मळाचा परिणाम कमी होतो आणि एकच प्रोब मोठा पल्ला सांभाळतो.

विरघळलेला ऑक्सिजन

पेनमध्ये हा प्रकार क्वचितच मिळतो. खरी निवड आहे ती सेन्सरच्या तीन जातींमध्ये.

पोलरोग्राफिक सेन्सर सुरू केल्यावर १०-१५ मिनिटं तापू द्यावा लागतो. गॅल्व्हॅनिक लगेच तयार असतो, पण मीटर बंद असतानाही आतून झिजत राहतो. दोघांनाही मेम्ब्रेन (टोकावरचा पातळ पडदा) आणि आतलं द्रावण बदलावं लागतं, आणि दोघंही मोजता मोजता ऑक्सिजन खातात. त्यामुळे साचलेल्या पाण्यात प्रोब हलवत राहिलं नाही तर वाचन घसरतच जातं. कोण किती जोरात हलवतो यावर आकडा बदलतो, हे मला या दोन्हींचं सगळ्यात त्रासदायक अंग वाटतं.

ऑप्टिकल सेन्सर प्रकाशाच्या विझण्यावरून ऑक्सिजन मोजतो. ऑक्सिजन खात नाही, ढवळावं लागत नाही, हायड्रोजन सल्फाइडने बिघडत नाही. त्याची टोपी साधारण वर्ष-दोन वर्षांनी बदलायची आणि तोवर ओलसर ठेवायची, एवढंच. सुरुवातीचा खर्च जास्त पडतो. तरी मत्स्यतळी, तलाव, नदी असं कायमचं काम असेल तर मी दुसरं काही सुचवणार नाही. वर्षातून चारदा मोजायचं असेल तर गॅल्व्हॅनिक चालेल.

तिघांचंही कॅलिब्रेशन बाष्पाने भरलेल्या हवेत होतं: ओल्या स्पंजच्या कपात प्रोब ठेवायचा, पण टोकावर थेंब नको. इथे एक खोच आहे. समुद्रसपाटीला २० अंशांच्या पाण्यात पूर्ण संपृक्त ऑक्सिजन ९.०९ मिलिग्रॅम प्रति लिटर असतो, ३० अंशांना ७.५६. उंचीवर हवेचा दाब कमी, त्यामुळे हजार मीटरवर हा आकडा सुमारे ११ टक्क्यांनी घटतो. मीटरमध्ये वायुदाबमापक असेल तर चिंता नाही. नसेल तर दाब हाताने भरावा लागतो, आणि लोक तो हवामानाच्या बातमीतून घेतात. बातमीतला दाब समुद्रसपाटीला आणून सांगितलेला असतो. आपल्याला हवा तो जागेवरचा प्रत्यक्ष दाब. डोंगराळ भागात काम असेल तर आत वायुदाबमापक असलेलाच मीटर घ्या. खाऱ्या पाण्यात क्षारतेची दुरुस्तीही चालू आहे ना, ते बघा.

गढूळपणा

यासाठी वेगळा मीटर घेतलेला बरा. एवढंच लक्षात ठेवा की इन्फ्रारेड प्रकाशाचे मीटर आणि टंगस्टन दिव्याचे मीटर एकाच पाण्याला वेगळा आकडा देऊ शकतात, विशेषतः पाणी रंगीत असेल तर. जुन्या नोंदींशी तुलना करायची असेल तर त्याच जातीचा मीटर घ्या. नमुन्याच्या काचेच्या नळीवरचा बोटाचा ठसासुद्धा १ एनटीयूच्या (गढूळपणाचं एकक) खालच्या वाचनात गोंधळ घालतो.

एकत्र की वेगवेगळे?

मल्टिपॅरामीटरचा मोह समजू शकतो: एकदा बुडवला की पाच आकडे. पण बुडवण्याआधी पाचांचंही कॅलिब्रेशन करावं लागतं. शिवाय क्रम पाळावा लागतो. ईसी आधी, पीएच नंतर. कारण बफर हे स्वतः क्षारांनी भरलेलं द्रावण असतं, आणि त्याचा थेंब ईसीच्या द्रावणात गेला की ते बिघडलं. एक सेन्सर गेला तर काही मॉडेलांत सगळा दांडा दुरुस्तीला पाठवावा लागतो. घ्यायचाच असेल तर प्रत्येक सेन्सर सुटा बदलता येणारा घ्या.

खोल पाण्यात थरांप्रमाणे मोजायचं असेल, किंवा एका दिवसात अनेक ठिकाणं फिरायची असतील, तर मल्टिपॅरामीटरला पर्याय नाही. एकाच जागी बसून बाटल्यांतले नमुने तपासायचे असतील तर पीएचचा हँडहेल्ड आणि ईसीचा पेन ही जोडी कमी खर्चात जास्त भरवशाची. कुंड्या, हायड्रोपोनिक्स, मासे पाळण्याची टाकी यांनाही तीच पुरते.

नायट्रेट किंवा अमोनियाचा प्रोब जोडून घेण्याआधी मात्र दोनदा विचार करा. हे सेन्सर दिवसागणिक सरकतात आणि पाण्यातल्या इतर आयनांना फसतात. नायट्रेटवाला क्लोराइडला, अमोनियमवाला पोटॅशियमला. कधीमधी लागणाऱ्या आकड्यासाठी रसायनाचं थेंबांचं किट बरं.

द्रावणांचा हिशेब

बाटली घ्यावी की पाकिटं? रोज कॅलिब्रेशन होत असेल तर बाटली, पण वापरलेलं द्रावण परत तिच्यात ओतायचं नाही आणि उघडल्याची तारीख वर लिहायची. १०.०१ चा बफर हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून लवकर उतरतो. तो उघडल्यावर महिनाभरात संपवावा. कधीतरीच मोजत असाल किंवा बाहेर जात असाल तर एकदा वापरायची बंद पाकिटं परवडतात.

दर वेळी कॅलिब्रेट करायची गरज नाही, तपासायची आहे. पीएच आणि ऑक्सिजन वापराच्या दिवशी, ईसी आठवड्याला. आधी द्रावणातलं वाचन जसंच्या तसं वहीत लिहा, मगच कॅलिब्रेशनचं बटण दाबा. १४१३ च्या जागी १४०५ आलं तर बटणाला हात लावू नका. १३०० आलं तर मागच्या तपासणीपासूनच्या सगळ्या नोंदी संशयास्पद आहेत, आणि बटण आधी दाबलं असतं तर हे कधीच कळलं नसतं.

मीटर हातात आला की पहिल्याच दिवशी ७ आणि ४.०१ चे बफर, १४१३ चं द्रावण आणि हवेतलं शून्य, एवढी वाचनं घेऊन वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. स्लोप ९५ च्या खाली निघाला तर इलेक्ट्रोड गोदामात जुना झालेला आहे, तो परत करण्याची मुदत अजून हातात असते.