गच्चीवरचा शनिवार : 'ब्रेव्हहार्ट' लावावा की 'आउटलॉ किंग'?

परीक्षा संपली, निकालाला वेळ आहे, आणि भाच्याने कुठूनतरी काही दिवसांसाठी प्रोजेक्टर मिळवला. मे महिन्यातलं नागपूर. दिवसा गच्चीवर पाय ठेवला तर पोळतो, पण साडेसातला चार बादल्या पाणी मारलं आणि कूलर जिन्याच्या दाराशी ओढला की माणसाला बसता येतं. कपड्यांच्या दोरीला जुनी पांढरी चादर ताणून बांधली. भाच्याची फर्माईश : "मामा, तलवारीवालं काही लाव. पण आपलं नको. आपले सगळे पाहून झाले." त्यावर बाबा खुर्चीतूनच म्हणाले, "मग तो कोळीवाला राजा लाव. ब्रूस."

कोळ्याची गोष्ट आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या मुलांना सांगितली जाते. हरलेला राजा गुहेत बसलाय, कोळी पुन्हा पुन्हा पडतोय, पुन्हा चढतोय. ही गोष्ट गाजवली ती एकोणिसाव्या शतकात वॉल्टर स्कॉटने, म्हणजे राजा जाऊन पाचशे वर्षं झाल्यावर. तेव्हा कोळ्याच्या भरवशावर सिनेमा निवडू नका.

ब्रूस स्कॉटलंडचा. त्या स्कॉटलंडच्या इंग्रजांविरुद्धच्या बंडावर दोन मोठे सिनेमे आहेत. मेल गिब्सनचा 'ब्रेव्हहार्ट' १९९५ चा, विल्यम वॉलेसचा. डेव्हिड मॅकेन्झीचा 'आउटलॉ किंग' २०१८ चा, रॉबर्ट ब्रूसचा. दोन शनिवारी दोन्ही लावले. घाईत असाल तर निकाल आधीच देतो. गच्चीवर दहा-बारा माणसं असतील आणि एकच रात्र हाताशी असेल तर 'ब्रेव्हहार्ट'. दोघं-तिघं असाल आणि खरं काय घडलं याची थोडी चाड असेल तर 'आउटलॉ किंग'. मला स्वतःला दुसरा जास्त आवडला, पण त्याचं कारण जरा नागपुरी आहे. ते पुढे येईलच.

दोन्हींचा मागचा पट एकच. १२८६ मध्ये स्कॉटलंडचा राजा तिसरा अलेक्झांडर गेला, पुढे गादीवरून भांडणं लागली. मध्यस्थी करायला बोलावलेला इंग्लंडचा पहिला एडवर्ड मालक होऊन बसला आणि १२९६ मध्ये फौज घेऊन घुसला. वॉलेस १२९७ मध्ये उठला, १३०५ मध्ये लंडनला हाल करून मारला गेला. त्यानंतर सहा महिन्यांच्या आत, १३०६ च्या फेब्रुवारीत, ब्रूसने आपला प्रतिस्पर्धी जॉन कॉमिन याला डम्फ्रीजच्या चर्चमध्ये भोसकलं आणि मार्चमध्ये स्वतःला राज्याभिषेक करवून घेतला. 'ब्रेव्हहार्ट'मध्ये वॉलेस नायक आणि ब्रूस कडेला उभा. 'आउटलॉ किंग' १३०४ ला सुरू होतो आणि त्यात वॉलेस दिसतो तो फक्त चौकात टांगलेल्या देहाचा तुकडा म्हणून. एका सिनेमाचा अख्खा नायक दुसऱ्यात एवढाच उरतो. दोन्ही लागोपाठ पाहिले तर हे जास्त अंगावर येतं.

'ब्रेव्हहार्ट' हा पोवाडा आहे. हे मी अलंकारिक बोलत नाही. सिनेमाची गोष्ट आंधळ्या हॅरी नावाच्या कवीच्या दीर्घकाव्यावर उभी आहे आणि ते काव्य वॉलेसच्या मृत्यूनंतर सुमारे पावणेदोनशे वर्षांनी रचलेलं. शाहीर जे करतो तेच त्याने केलं. नायक उंच केला, शत्रू काळा केला, मधले सगळे करडे रंग पुसून टाकले. पोवाड्याला तारखा विचारायच्या नसतात हे आपल्याला कुणी शिकवायला नको.

तरी विचारल्याच, तर यादी मोठी आहे. खरा वॉलेस गवताच्या छपराखालचा साधा शेतकरी नव्हता, छोट्या जमीनदार घराण्यातला होता. त्या काळात स्कॉट लोक सिनेमातल्यासारखे किल्ट नेसत नव्हते, आणि लढाईला जाताना तोंडाला निळा रंग फासत नव्हते. फ्रान्सची राजकन्या इझाबेल आणि वॉलेस यांचं जे गूळपीठ दाखवलंय, त्याचा हिशेब तर मजेदार आहे : ती लग्न होऊन इंग्लंडात आली १३०८ मध्ये, वॉलेस जाऊन तीन वर्षं झाल्यावर. वॉलेस हरला त्या १२९८ मधल्या फाल्कर्कच्या लढाईच्या वेळी ती जेमतेम तीन वर्षांची असेल. आणि सगळ्यात मोठं म्हणजे, ११ सप्टेंबर १२९७ ची स्टर्लिंगच्या पुलाची लढाई. सिनेमातल्या त्या लढाईत पूलच नाही! खरी लढाई जिंकली तीच त्या अरुंद लाकडी पुलामुळे. इंग्रजांचे दोन-दोन घोडेस्वार पूल ओलांडत होते, अर्धी फौज अलीकडे येईपर्यंत स्कॉट थांबले आणि मग तुटून पडले. घोडखिंडीवर वाढलेल्या माणसाला हा डाव क्षणात कळतो. गिब्सनने तो सोडून मोकळ्या माळावर टोकदार खांब उभे केले. शिवाय त्या विजयाचा दुसरा सेनापती अँड्र्यू मरे, जो त्याच लढाईत जायबंदी होऊन पुढे मेला, तो सिनेमात शोधूनही सापडत नाही.

हे सगळं माहीत असून मी ती लढाई श्वास रोखून पाहिली, हेही सांगायला हवं. खांब उचलायच्या आधीची ती "थांबा... थांबा..." भाच्यासकट सगळी गच्ची पुटपुटत होती. शेजारचे काका खुर्चीतून उठून उभे राहिले. हे काका जुने विदर्भवादी. स्कॉटलंडने स्वतःची संसद हवी म्हणून कौल दिला तो ११ सप्टेंबर १९९७ ला, स्टर्लिंगच्या लढाईला बरोबर सातशे वर्षं झाली त्या दिवशी, हे मी चुकून बोलून गेलो. पुढची पंधरा मिनिटं सिनेमा थांबवून आम्ही नागपूर करार ऐकला.

पाच ऑस्कर मिळाले या सिनेमाला. सर्वोत्कृष्ट चित्रपट, दिग्दर्शन, छायाचित्रण, मेकअप आणि ध्वनिपरिणामांचं संकलन. नटांपैकी एकालाही मिळालं नाही आणि मला ते बरोबर वाटतं. गिब्सन चाळिशीच्या उंबरठ्यावरचा, त्याचा वॉलेस सुरुवातीच्या प्रेमप्रसंगात जरा थोराडच दिसतो. पण घोड्यावर बसून फळीपुढे फिरायला लागला की पडदा त्याचाच. सिनेमा खरा खातो तो पॅट्रिक मॅगूहन, लांबटांग्या एडवर्ड. आवाज चढवत नाही, डोळा मिचकावत नाही. पोराच्या जिवलग मित्राला खिडकीतून ढकलून देतो आणि पुन्हा राजकारणावर येतो. युवराजाला ज्या तऱ्हेने बायकी, हास्यास्पद केलंय ते मात्र आज पाहताना खटकतं. वॉलेसचा धिप्पाड दोस्त हॅमिश म्हणजे ब्रेंडन ग्लीसन. भाच्याने त्याला हॅरी पॉटरमधला मूडी म्हणून लगेच ओळखला.

आणि अँगस मॅकफॅड्यनचा ब्रूस. माझ्या मते पूर्ण सिनेमात एवढा एकच माणूस असा आहे ज्याच्या मनात काही चाललंय. बाप सांगतो तह कर, मन सांगतं वॉलेसच्या मागे जा. सिनेमा त्याला गद्दार ठरवतो, फाल्कर्कला इंग्रजांच्या बाजूने उभा करतो (याला पक्का पुरावा नाही) आणि शेवटी पश्चात्ताप करायला लावतो.

इथेच माझं 'ब्रेव्हहार्ट'शी जमत नाही. आपण पुरंदरच्या तहाची गोष्ट ऐकत मोठे झालो. १६६५ मध्ये तेवीस किल्ले दिले, पुढच्या वर्षी आग्र्याला गेले, आणि तिथून परत येऊन सगळं पुन्हा उभं केलं. वाकणं म्हणजे संपणं नव्हे, हे मराठी माणसाला समजावून सांगावं लागत नाही. गिब्सनच्या सिनेमाला ते समजतच नाही. त्याच्या लेखी जो वाकला तो गेला.

'आउटलॉ किंग' मात्र वाकण्यापासूनच सुरू होतो. स्टर्लिंगच्या किल्ल्यासमोर एडवर्डचा तंबू, आत मेणबत्त्या, आणि स्कॉट सरदार एकेक करून गुडघा टेकतायत. ब्रूसही टेकतो. कॅमेरा तिथून बाहेर येतो, युवराजाशी तलवारीची खुन्नस होते, पुन्हा आत जातो, पुन्हा बाहेर येतो, आणि शेवटी एक अजस्र दगडफेक्या यंत्र किल्ल्यावर पेटता गोळा सोडतं. हे सगळं आठेक मिनिटं, एकही कट न घेता. ते यंत्र खरं होतं. 'वॉरवुल्फ' त्याचं नाव. १३०४ मध्ये किल्ल्यातले लोक शरण यायला तयार असताना एडवर्डने त्यांना थांबवलं, कारण यंत्र बांधून झालं होतं आणि त्याला ते चालवून पाहायचं होतं. एवढ्या एका गोष्टीत राजा कळतो. स्टीफन डिलेनने तो तसाच केलाय, थकलेला, चिडका, म्हातारा.

ख्रिस पाइनचा ब्रूस कमी बोलतो. भाच्याची पहिल्या अर्ध्या तासातली तक्रार : "मामा, हा लढून काहून नाही राहिला?" तक्रार रास्त आहे. पाइन कधी कधी इतका आत वळलेला असतो की चेहऱ्यावर काहीच पोचत नाही. ती कसर दोघं भरून काढतात. राणी एलिझाबेथ झालेली फ्लॉरेन्स प्यू, जी दोन वाक्यांत माणूस उभा करते. आणि जेम्स डग्लस झालेला आरन टेलर-जॉन्सन, जो रक्ताने माखून स्वतःचंच नाव ओरडत फिरतो. डग्लसचं घराणं लुटलं गेलेलं, जमीन गेलेली, त्याचा राग समजतो. एक गंमत सांगतो : जेम्स कॉस्मो हा दांडगा स्कॉट नट दोन्हींत आहे. 'ब्रेव्हहार्ट'मध्ये हॅमिशचा बाप, इथे ब्रूसचा बाप. बाबांनी त्याला दाढीवरून ओळखला.

हाही काही इतिहासाचा गुलाम नाही. शेवटची लाउडन हिलची लढाई मे १३०७ मधली. तिथे युवराज एडवर्ड आणि ब्रूस चिखलात समोरासमोर येतात. प्रत्यक्षात युवराज तिथे नव्हताच. म्हातारा एडवर्ड सिनेमात त्या लढाईआधी मरतो, खरा मेला जुलैमध्ये, लढाईनंतर. पण डाव खरा दाखवलाय. दोन्ही बाजूंना दलदल, त्यात ब्रूसने चर खणून वाट आणखी अरुंद केली, जड घोडदळाला पसरायला जागाच ठेवली नाही. 'ब्रेव्हहार्ट'ने सोडलेला पूल या सिनेमाने वेगळ्या रूपात परत आणला म्हणा.

गनिमी कावा पाहायचा असेल तर हाच लावा. एक फरक मात्र मला पाहताना सारखा जाणवत होता. आपल्याकडे किल्ला जिंकला की डागडुजी करून भगवा लावायचा. ब्रूसने पुढच्या वर्षांत जिंकलेले किल्ले पाडायला सुरुवात केली, कारण ठेवले तर शत्रू परत घेणार आणि आपल्यावरच वापरणार. स्वतःचेच किल्ले पाडणारा बंडखोर! बाबांना हे काही पटलं नाही.

सिनेमाची खरी अडचण लांबीची आहे, आणि तीही उलटी. टोरांटोच्या महोत्सवात दाखवल्यावर दिग्दर्शकाने सुमारे वीस मिनिटं कापली. आता तो १२१ मिनिटांचा आहे आणि मधला भाग धावतो. इंग्रजांनी ब्रूसचे तीन भाऊ मारले. सिनेमात भावांची नावं लक्षात राहायच्या आत ती माणसं जातात. 'ब्रेव्हहार्ट' १७८ मिनिटं घेतो, पण मरणारा प्रत्येक माणूस आपल्या ओळखीचा झालेला असतो.

आता ते नागपुरी कारण. सीताबर्डीच्या टेकडीवरचा किल्ला आपण रोज खालून पाहतो. वर सोडतात ते वर्षातून मोजक्या दिवशी. नोव्हेंबर १८१७ मध्ये आप्पासाहेब भोसल्यांची फौज तिथे इंग्रजांशी लढली आणि हरली. जानेवारीत तह झाला. मग आप्पासाहेब पुन्हा कटात सापडले, पकडले गेले, अलाहाबादकडे नेताना निसटले आणि महादेवाच्या डोंगरात गोंडांच्या आधाराने लढत राहिले. शेवटी जोधपूरच्या आश्रयाला, तिथेच १८४० मध्ये गेले. सही करून मोडणारा, डोंगरात पळणारा, मूठभर लोकांनिशी उरणारा राजा. पाइनचा ब्रूस एका नावेत उरल्यासुरल्या माणसांबरोबर बसलेला दिसतो तेव्हा मला तेच आठवत होते. ब्रूस जिंकला, आप्पासाहेब हरले. म्हणून एकावर सिनेमा आहे.

लावण्याआधी दोन व्यवहाराच्या गोष्टी. दोन्ही मोठ्यांचेच सिनेमे आहेत. पहिल्यात गळा चिरलेला दिसतो, शेवटी हाल आहेत, लग्नाच्या रात्रीचा प्रसंग आहे. दुसऱ्यात शृंगार आणि नग्नता आहे, शिवाय एका माणसाचं पोट फाडलेलं दिसतं. आजी बसणार असेल तर रिमोट स्वतःच्या हातात ठेवा. दुसरं म्हणजे उजेड. 'आउटलॉ किंग'मधला ब्रूसच्या छावणीवरचा मेथव्हनचा रात्रीचा हल्ला चादरीवर जवळजवळ दिसलाच नाही, नुसत्या पेटत्या तंबूंचे ठिपके. तो घरात, टीव्हीवर पाहिलेला बरा. नेटफ्लिक्सचा स्वतःचाच आहे, शोधावा लागत नाही. 'ब्रेव्हहार्ट' हिरव्या डोंगरांचा आणि उजेडाचा आहे, चादरीवर शोभतो. स्टर्लिंग संपलं की इंटरव्हल करा, पन्हं तेव्हाच फिरवा. सबटायटल दोन्हींना लावा, ते उच्चार इंग्रजी शाळेत शिकलेल्यांनाही झेपत नाहीत.

तिसराही एक आहे. मॅकफॅड्यनने २०१९ मध्ये पुन्हा ब्रूस केला, 'रॉबर्ट द ब्रूस' नावाने. हरलेला राजा बर्फात एका विधवेच्या घरी लपलाय, एवढीच गोष्ट. संथ आहे. 'ब्रेव्हहार्ट'मधला तो दुमना ब्रूस ज्यांच्या मनात राहिला, त्यांच्यासाठीच.

प्रोजेक्टर परत करायला अजून तीन दिवस आहेत. भाच्याने पुन्हा 'ब्रेव्हहार्ट' मागितलाय, पण फक्त स्टर्लिंगपर्यंत. आणि शेजारच्या काकांनी विचारलंय, किती वाजता लावून राहिले.